लपवून बाळगायचं छोटं पिस्तूल: निवडताना मी काय पाहिलं

अमेरिकेत पिस्तूल घ्यायचं म्हटलं की चर्चा थेट मॉडेलांवर येते. मी कायद्यापासून सुरुवात केली, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न तिथेच निकाली निघतो. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण त्या जोरावर राज्य लपवून बाळगण्याचा परवाना देईलच असं नाही. ग्रीन कार्डधारकाला ही आडकाठी नाही. दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि १९९८ पासून सुरू असलेल्या एनआयसीएस प्रणालीतून पार्श्वभूमी तपासली जाते. पिस्तूल आपल्या राहत्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडूनच हातात येतं. दुसऱ्या राज्यात पसंत केलं, तर ते आपल्याकडच्या दुकानदाराकडे मागवावं लागतं. पुढचे नियम राज्यागणिक बदलतात: कॅलिफोर्नियात १० दिवस थांबावं लागतं, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या कप्प्यात) १० पेक्षा जास्त गोळ्या चालत नाहीत आणि राज्याच्या यादीत नसलेलं नवं मॉडेल दुकानदार सामान्य ग्राहकाला विकू शकत नाही. हे आधी तपासलं की निम्मी मॉडेलं आपोआप गळतात.

आता आकार. ‘सर्वात छोटं तेच उत्तम’ हा समज मला अजिबात पटत नाही. कपड्यांखालून उठून दिसते ती मूठ, नळी नव्हे. नळी आणि तिच्यावरचा मागेपुढे सरकणारा भाग, म्हणजे स्लाइड, पँटच्या आत जातात. मूठ पट्ट्याच्या वर राहते आणि वाकलं की शर्टला टोचते. ग्लॉक कंपनीची तीन मॉडेलं शेजारी ठेवली की हे लगेच कळतं. ४३ आणि ४३एक्स यांची नळी सारखीच, ३.४१ इंच, पण ४३ ची उंची सुमारे सव्वाचार इंच, तर ४३एक्सची पाच इंचांच्या किंचित वर. त्या पाऊण इंचात करंगळीला जागा मिळते आणि गोळ्या ६ वरून १० होतात, पण लपवणं तेवढंच अवघड होतं. ४८ मध्ये मूठ ४३एक्सचीच आणि नळी ४.१७ इंच. लपवण्याच्या दृष्टीने ४८ आणि ४३एक्समध्ये फारसा फरक पडत नाही. उलट लांब स्लाइडचं खालचं टोक अंगाला टेकतं आणि मूठ आत वळायला मदत होते. बसल्यावर मांडीला टोचलं तर मात्र लांब नळी नको.

जाडीचं गणित २०१८ मध्ये बदललं. सिग पी३६५ ने साधारण एक इंच जाडीत, ३.१ इंच नळीच्या पिस्तुलात १०+१ गोळ्या (मॅगझिनमध्ये १० आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, १) बसवल्या, वजन रिकाम्या मॅगझिनसह १७.८ औंस. पाठोपाठ २०१९ मध्ये स्प्रिंगफील्ड हेलकॅट आलं आणि २०२१ मध्ये स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस. त्याआधी १० गोळ्या हव्या असतील तर ग्लॉक २६ घ्यावं लागे, जे जवळपास सव्वा इंच जाड आहे. पाव इंच कागदावर किरकोळ वाटतो, पट्ट्याखाली नाही.

या चारपाच पिस्तुलांत विश्वासार्हतेचा फरक शोधत बसण्यापेक्षा हात बघावा. नेहमीच्या पकडीत नळी मनगट आणि कोपराच्या रेषेत ठेवायची आणि तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर सहज येतो का ते पाहायचं. ओढून न्यावा लागला तर गोळ्या एका बाजूला जातात. मग स्लाइड. छोट्या पिस्तुलात स्लाइड हलकी असते आणि तिला मागे जायला जागा कमी, म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते. स्लाइड चिमटीत धरून ओढू नये. वरून पंज्याने घट्ट धरायची आणि मूठ पुढे ढकलायची. तरीही जमत नसेल तर ९ मिमीपेक्षा कमी ताकदीच्या .३८० कॅलिबरमध्ये शील्ड ईझेडसारखी मुद्दाम मऊ स्प्रिंगची पिस्तुलं आहेत. पण खिशात मावणारं अतिहलकं .३८० नवख्याने घेऊ नये: गोळी कमी ताकदीची असूनही वजन नसल्यामुळे ते हातात ९ मिमीपेक्षा जास्त उडू शकतं, आणि मग सराव टाळला जातो.

पैसे मोजण्याआधी रेंजवर ते मॉडेल भाड्याने घेऊन चालवावं. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकली नाही तर दोष बहुधा पिस्तुलाचा नसतो. मूठ आखूड असल्याने अंगठा स्लाइड-स्टॉपवर (स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्यावर) दाब देत असतो. रिकामं काडतूस बाहेर पडताना उभं अडकलं तर मनगट सैल आहे का ते आधी पाहायचं, कारण हलक्या फ्रेमला मागून आधार नसेल तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही. पकड बदलूनही हे प्रकार थांबत नसतील तर ते मॉडेल आपल्यासाठी नाही.

होल्स्टर आणि पट्ट्याचे पैसे मी पिस्तुलाच्या किमतीतच धरतो. कायडेक्सचं (टणक प्लास्टिकचं), ट्रिगर-गार्ड (ट्रिगरभोवतीचं कडं) पूर्ण झाकणारं आणि पिस्तूल काढल्यावर तोंड उघडंच राहणारं होल्स्टर हवं. मऊ कापडी होल्स्टर बाहेरून दाबलं तर ट्रिगरपर्यंत दाब पोचू शकतो. पुढच्या बाजूला बाळगायचं असेल तर ‘क्लॉ’ हा छोटा तुकडा असलेलं घ्यावं. तो पट्ट्याला टेकून मूठ पोटाकडे वळवतो. दीड इंची, पीळ न पडणारा पट्टा नसेल तर हे सगळं लोंबकळतं. पिस्तूल परत ठेवताना शर्टचं टोक किंवा जॅकेटची नाडी ट्रिगर-गार्डमध्ये शिरून गोळी सुटू शकते, म्हणून होल्स्टरमध्ये बघून, बोट बाहेर ठेवून, सावकाश ठेवायचं. इथे घाई कोणालाच नसते.

काडतुसांबाबत एक गोष्ट छोट्या नळीमुळे वेगळी होते. तीन इंची नळीत गोळीचा वेग कमी पडतो आणि हॉलो-पॉइंट (टोकाला पोकळी असलेली, लागल्यावर फुलणारी) गोळी फुलायची राहून जाऊ शकते. म्हणून आखूड नळीसाठीच बनवलेली काडतुसं घ्यावीत. जिलेटिन चाचणीत (शरीराच्या मांसाऐवजी जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी झाडून) एफबीआयचा १२ ते १८ इंच खोलीचा निकष पाळणारी. सरावाच्या साध्या गोळ्या सुमारे २०० झाडून झाल्या की हीच काडतुसं प्रत्येक मॅगझिनमधून, विनाअडथळा चालवून बघायची. पिस्तूल रोज रिकामं करून पुन्हा भरलं जात असेल तर चेंबरमधलं तेच काडतूस पुन्हा पुन्हा भरू नये. दर वेळी गोळी कवचात किंचित आत सरकू शकते आणि दाब धोकादायक वाढू शकतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून लांबी ताडायची. आखूड दिसलं की ते वापरायचं नाही.