छत्तीसची तार

दुरुस्तीला गिटार आली की पहिलं काम जुन्या तारा काढण्याचं. आधी खुंट्या सोडून तारा ढिल्या करायच्या, मग मधोमध कापायच्या, खुंटीवरची वेटोळी वेगळी काढायची आणि सगळं डब्यात टाकायचं. पंचवीस वर्षं मी हे असंच करत आलोय आणि माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांनाही असंच शिकवलंय. गंजलेली तार बोटाला लागते, आवाज देत नाही, सुरात राहत नाही. ती ठेवून करायचं काय? जुलैतल्या त्या सोमवारपर्यंत मला या पद्धतीत काही चूक आहे असं वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी गिरगावातल्या माझ्या दुकानात साठीच्या एक बाई आल्या. चाळ पुनर्विकासाला जाणार, खोली रिकामी करायची होती. माळ्यावरून काढलेली एक लांबट पेटी सोलापुरी चादरीत गुंडाळून आणली होती. "बाबांची आडवी गिटार आहे. सुरू होते का बघा. संध्याकाळी न्यायला येईन, उद्या सामान हलतंय."

पेटी उघडली आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं. काळ्या बेकलाइटची, रिकनबॅकर कंपनीची, मॉडेल बी. फोटोत शेकडो वेळा पाहिलेली, हातात पहिल्यांदाच. चाळीतल्या जुन्या काळ्या स्विचचं जे मटेरियल, त्याचीच ही गिटार, आणि आकाराच्या मानाने अंगावर येईल इतकी जड. पडदे म्हणजे बेकलाइटमध्येच ओतलेल्या, पांढऱ्या रंगाने भरलेल्या रेघा. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादी कांडी, ती तारांवरून सरकवायची. तार पडद्याला टेकतच नाही, म्हणून या वाद्यावर मींड इतकी सुंदर निघते.

तिचं काळीज म्हणजे पिकअप, तारांच्या कंपनाचा विजेचा संकेत करणारा भाग. घोड्याच्या नालेसारखे दोन लोहचुंबक समोरासमोर बसवलेले आणि त्यांच्या बोगद्यातून सहा तारा गेलेल्या. ही रचना जॉर्ज बोशां यांची. ते स्वतः हवाईयन गिटार, म्हणजे हीच आडवी गिटार, वाजवायचे; वाद्यमेळात गिटारचा आवाज बुडतो हे त्यांचं रोजचं दुखणं होतं. १९३२ साली अ‍ॅल्युमिनियमची, तव्यासारख्या आकाराची गिटार बाजारात आली. तिच्यात एक खोट होती, उष्णतेने धातू फुगायचा आणि सूर हलायचा. म्हणून १९३५ मध्ये ही बेकलाइटची आणली. पेटंट हातात पडायला मात्र १९३७ उजाडलं. आज लग्नाच्या बँडपासून स्टेडियमपर्यंत वाजणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारची सुरुवात या मांडीवरच्या गिटारपासून झाली, हे गिटार शिकवणाऱ्यांनासुद्धा सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. चुंबकांवर पट्टी धरली: सव्वा इंच रुंद. दुसऱ्या महायुद्धाआधीचे दीड इंचाचे असायचे. म्हणजे ही युद्धानंतरची.

मीटर लावला तर पिकअप मेलेला. आतली कॉईल, म्हणजे बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळणी, तुटलेली. अशा वेळी बहुतेक जण जुनी तार कापून फेकतात आणि नवी गुंडाळतात. तासाभराचं काम, पैसेही जास्त. मला ते पटत नाही. मूळ गुंडाळणी गेली की त्या वाद्याचा आवाज गेला, मग तो परत येत नाही. मी चुंबकांवर खडूने दिशा लिहून घेतली, ते उतरवले आणि लगेच त्यांच्या टोकांवर लोखंडी पट्टी आडवी टाकली. जुन्या पोलादी चुंबकांना असं न जपता उघडं ठेवलं तर त्यांचा जोर उतरतो. मग घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून बसलो. आधी कुणीतरी आवाज कमी-जास्त करायच्या पॉटवर गोंदासारखं काहीतरी ओतून ठेवलं होतं, ते खरवडण्यातच पाऊण तास गेला. असं काम करणाऱ्याने वाद्याला हात लावू नये.

दुपारी तीनच्या सुमाराला तुटका भाग दिसला. केसाहून बारीक तांब्याची तार बाहेरच्या जाड वायरला जिथे डागलेली असते, तिथे हिरवट कळंक चढला होता. मुंबईची हवा. आतली गुंडाळणी पूर्ण शाबूत. शेवटचा अर्धा वेढा सोडवला, लाख खरवडली, श्वास रोखून डाग दिला. मीटरवर आकडा उभा राहिला. दुकानात माझ्याबरोबर काम करणाऱ्या माझ्या मुलाला मी मिठी मारली. नव्या तारा चढवल्या, बरेच हवाईयन गिटारवाले लावतात तशी ए मेजरमध्ये लावली आणि जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. तो आवाज मी इथे लिहू शकत नाही. गळ्यातून येतो तसा येतो.

साडेसहाला बाई आल्या. मी तारा छेडून दाखवल्या. त्यांनी डोळे मिटले, मग उघडले. म्हणाल्या, "बाबा लावायचे तशीच लावलीय ना?"

मी गप्प झालो.

साध्या गिटारवर माणूस काय वाजवायचा हे पडदेच सांगतात. जिथे बोट जास्त पडलं तिथे पडदा झिजतो. या गिटारवर कांडी हवेत तरंगते, पडद्यांवर ओरखडाही नाही. घोडीवर खूण नाही, नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या पट्टीच्या, खाचा इतक्या ऐसपैस की कुठलीही तार बसेल. तारा कशा लावल्या होत्या याचा पुरावा फक्त तारांमध्येच असतो, त्यांच्या जाडीत. आणि त्या माझ्या मुलाने सकाळीच कापल्या होत्या.

आम्ही डबा जमिनीवर उपडा केला. त्या दिवशी आणखी दोन इलेक्ट्रिक गिटारच्या तारा बदलल्या होत्या, सगळा गुंता. वेटोळ्यांची पिशवी दुपारीच कचऱ्याच्या गाडीत गेलेली. पण वरच्या तिन्ही साध्या तारांचे तुकडे मिळाले, काळ्या गंजामुळे चटकन ओळखू आले. गुंडाळीच्या, म्हणजे वरून बारीक तार गुंडाळलेल्या जाड तारांपैकी खात्रीने त्या गिटारचा असा एकच तुकडा निघाला, घोडीकडे अडकवायच्या गोळीच्या बाजूचा. त्याच्या एका अंगाला कांडी घासून सपाट चकाकी आली होती. कांडीवर न वाजणाऱ्या तारेला ती येत नाही. मायक्रोमीटर लावला: इंचाचे छत्तीस हजारांश.

इथेच सगळं अडलं. ए मेजरमध्ये जाड तारेकडून सूर येतात सा ग प सा ग प. दुसरी मोठी पद्धत सी सिक्स्थ, तिच्यात सा ग प ध सा ग. त्यातला तो एक धैवत वाद्याचा स्वभाव बदलून टाकतो, छेडली की उघड्या तारांतूनच एक हुरहूर निघते. षड्ज वेगवेगळे, एकीत ए आणि दुसरीत सी, असल्यामुळे वरच्या तीन तारा दोन्हीकडे जवळपास एकाच उंचीला येतात, जाडीही तीच चालते. त्यांच्यावरून काहीच ठरत नाही. ठरतं ते खालच्या तिघींवरून. छत्तीसची तार ए मेजरमध्ये पाचवी म्हणून शोभते, सी सिक्स्थमध्ये सहावी, म्हणजे सगळ्यात जाड म्हणून. खुंटीकडचा तुकडा असता तर नटपासून खुंटीपर्यंतच्या लांबीवरून ती पाचवी की सहावी हे दोन मिनिटांत कळलं असतं. तो गाडीत गेला.

शिवाय तिसरी शक्यता होतीच. आपले वादक पाश्चात्त्य पद्धतच पाळतील असं नाही. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार आडवी घेऊन राग उभे केले, ते काही हवाईची पद्धत जशीच्या तशी ठेवून नव्हे. या बाबांनीही स्वतःचं काही बसवलं असेल. पन्नास-साठच्या दशकात मुंबईच्या ऑर्केस्ट्रांत हवाईयन गिटार हवीच असायची, सिनेमाची गाणी तिच्यावर वाजायची. पण वाजवणाऱ्यांनी आपल्या तारा कशा लावल्या हे कुणी लिहून ठेवलं नाही. गायकाची पट्टी लोक सांगतात, वादकाची तार कोण विचारतं?

मी बाईंना म्हटलं, "ताई, मी दोन्ही वाजवतो, तुम्ही ऐका." आधी ए मेजर. त्या म्हणाल्या, "हेच असावं." मग खालच्या तारा बदलून सी सिक्स्थ लावली, वीसेक मिनिटं गेली. छेडली. बराच वेळ बोलल्या नाहीत. "बाबा रात्री दहाला ऑर्केस्ट्राहून आले की पेटी ठेवायच्या आधी एकदा सगळ्या तारांवरून अंगठा फिरवायचे. मी झोपल्याचं सोंग करायचे. ते ऐकलं की झोप यायची." मग म्हणाल्या, "हेही असेल. मला आता नाही सांगता येत, दादा."

माझ्या मुलाने खाली मान घातली होती. त्याला मी काही बोललो नाही. त्याने मी शिकवलं तेच केलं होतं. वाद्य घेऊन येणारे "किती किमतीचं आहे?" विचारतात, पिकअप काढून विकत मागणारेही येतात, तेव्हा मी त्यांना वाद्य जपण्यावर दहा मिनिटं ऐकवतो. कॉईलचा अर्धा वेढा वाचवायला मी तीन तास भिंग लावून बसलो, आणि त्याच वाद्याचा सूर सकाळी दहा वाजता डब्यात टाकला.

बाईंनी गिटार सी सिक्स्थमध्येच नेली. जुन्या तारांचे चारही तुकडे कागदाच्या पाकिटात घालून, प्रत्येकावर जाडी लिहून, पेटीत ठेवले. दोन्ही पद्धतींचे सूर एका कागदावर लिहून दिले. मजुरी घ्यायला मन होईना, पण त्यांनी ऐकलं नाही.

आता दुकानात नियम आहे. तार ढिली करण्याआधी प्रत्येकीची जाडी मोजायची, वहीत लिहायची, काढलेल्या तारा अखंड गुंडाळून गिऱ्हाईकाच्या नावाने ठेवायच्या. काही गिऱ्हाइकांना वाटतं मी उगाच वेळ काढतोय. वाटू दे.

जाताना बाई म्हणाल्या होत्या की बाबांच्या ऑर्केस्ट्रातले अ‍ॅकॉर्डियनवाले काका वसईला असतात, नव्वदीचे आहेत, ऐकू कमी येतं, पण गिटार घेऊन एकदा जाऊन येईन. अ‍ॅकॉर्डियनवाला गिटारच्या शेजारी बसायचा, त्याला माहीत असेल. अजून फोन आलेला नाही. ए मेजरच्या तारांचा एक संच मी काउंटरच्या खणात वेगळा काढून ठेवलाय.