500 किलोबारचा धडा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात बाबांनी लेथवर तीस वर्षे काढली, त्यामुळे ‘कार्बाइडची टिप’ (धातू कापणाऱ्या हत्याराचे कठीण टोक) हा शब्द आमच्या खोपटच्या घरात मला शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक होता. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सरांनी उच्च दाबाखालील धातू-कार्बाइडे हा विषय सुचवला, तेव्हा मी टंगस्टन कार्बाइडच मागितले. पण त्यांनी टायटेनियम कार्बाइडपासून सुरुवात करायला लावली, कारण त्याची रचना मिठासारखी असते आणि मूळ एकक पेशीत, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान तुकड्यात, दोनच अणू मोजावे लागतात. एवढे गणित घरच्या जुन्या संगणकावरही काही मिनिटांत उरकते.

क्वांटम एस्प्रेसो या स्फटिकांची गणिते करणाऱ्या संगणक प्रणालीमध्ये 50 गिगापास्कल, म्हणजे सुमारे 5 लाख वातावरणांचा दाब देऊन मी पेशी आकसू दिली. शून्य दाबाला 4.33 अँगस्ट्रॉम असलेला जालक स्थिरांक (पेशीच्या बाजूची लांबी) 4.30 वर येऊन थांबला. आकारमान जेमतेम दोन टक्क्यांनी घटलेले पाहून, कार्बाइड किती चिवट असते, या कौतुकात मी तो आलेख सरांकडे नेला. त्यांनी आकडा पाहून एवढेच विचारले, “म्हणजे तुझे कार्बाइड हिऱ्याच्या पाचपट दाबसह आहे का?” मी तिथेच वहीत भागाकार केला. बल्क मोड्युलस, म्हणजे आकसण्याला पदार्थ किती विरोध करतो त्याचे माप, 2500 गिगापास्कलच्या घरात जात होता आणि हिऱ्याचा तर 443 आहे. या प्रणालीत दाब किलोबारमध्ये द्यायचा असतो. मी 50 लिहिले होते, म्हणजे प्रत्यक्षात 5 गिगापास्कलच दिले होते. पूर्ण आठवडा वाया गेला. 500 लिहिल्यावर स्थिरांक 4.12 च्या आसपास आला. तेव्हापासून त्या ओळीपुढे उद्गारचिन्ह देऊन मी ‘किलोबार’ असे लिहून ठेवते.

तरीही सगळे जुळले नव्हते. इलेक्ट्रॉनांचे वर्णन ज्या समतल तरंगांनी केले जाते त्यांचा संच पेशी आकसतानाही सुरुवातीच्या पेशीचाच राहतो, आणि कटऑफ (संचातल्या तरंगांची ऊर्जामर्यादा) कमी असेल तर शेवटच्या गणनेत निघणारा दाब आपण मागितलेल्या दाबाशी जुळत नाही. कटऑफ 40 रिडबर्गवरून (हे ऊर्जेचे एकक) 80 वर नेल्यावर ही तफावत नगण्य झाली. मग नऊ आकारमानांसाठी ऊर्जा काढून ऊर्जा आणि आकारमान यांचा संबंध सांगणारे बर्च-मुर्नघन समीकरण बसवले, तेव्हा बल्क मोड्युलस 250 गिगापास्कलच्या जवळ आला आणि प्रयोगातून मिळालेल्या मूल्यांशी ताडून पाहण्याजोगे काहीतरी पहिल्यांदा हाती लागले. स्फटिक आकार बदलायला किती विरोध करतो हे सांगणाऱ्या स्थितिस्थापक स्थिरांकांच्या वेळी मात्र मी सावध होते: रचना टिकाऊ आहे का हे ठरवणारे बॉर्नचे मूळ निकष दाबाखाली तसेच लावता येत नाहीत, सी-44 या स्थिरांकामधून दाब वजा करूनही उत्तर धन यावे लागते.

आता टंगस्टन कार्बाइड हाती घेतले आहे. त्याची रचना षट्कोनी असल्यामुळे दोन जालक स्थिरांक एकाच वेळी मोकळे सोडावे लागतात, आणि संगणक रात्रभर चालू ठेवावा लागतो याबद्दल आईची तक्रार असते.