ऑब्राकच्या धुक्यात

फ्रान्समधल्या ल प्युईहून स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जुन्या वाटेनं निघून सहावा दिवस होता, की सातवा. सोग, ओमाँ ही गावं मागे पडली. डोळ्यांसमोर उरलंय ते त्यांचं दगडी चर्च आणि पहाटेचा भट्टीचा वास. वारीतही माझं असंच होतं. वाल्हे कधी आलं, लोणंद कधी गेलं, नंतर सांगता येत नाही.

नास्बिनालच्या चौकात पिएर ब्रिउद नावाच्या हाडवैद्याचं स्मारक आहे. 19व्या शतकात लांबलांबून लोक त्याच्याकडे हाड बसवून घ्यायला यायचे. स्मारकावर कुबड्याही कोरल्या आहेत. मी मनापासून हात जोडले. उजव्या टाचेला सुपारीएवढा फोड आला होता आणि डाव्या करंगळीचं कातडं निघालं होतं. मुलीचा फोन आला, तिला काही बोलले नाही. ल्यॉंहून गाडी घेऊन धावत आली असती.

तिथून ऑब्राक फक्त नऊ किलोमीटर. गुरांच्या जुन्या वाटेनं चढत जायचं, झाड जवळजवळ नाहीच. एके काळी इथे जंगल होतं, मठवासीयांनी ते तोडून कुरणं केली. आता नजर जाईल तिथे गवत, त्यात पांढरी रानटी नार्सिससची फुलं, आणि कुरणांना घातलेले काळ्या दगडांचे गडगे. तो दगड हातात घेतला तर थेट दिवेघाटातला! हे पठारही लाव्ह्याचंच, खाली मात्र ग्रॅनाइट. इतक्या लांब येऊन पायाखाली आपलाच काळा पाषाण, म्हणून जरा वेळ बरं वाटलं.

मग धुकं उतरलं. पुढचा खांब दिसेना, खांबावरचा वाटेच्या खुणेचा लाल-पांढरा पट्टा दिसेना. मे संपत आला होता, गुरं नुकतीच वर चढवली होती. त्यांच्या गळ्यातल्या घंटा डावीकडून, उजवीकडून, कधी पाठीमागून वाजत होत्या. मला फार राग आला. फोडाचा, धुक्याचा, आणि सगळ्यात जास्त इथल्या शांततेचा. हजार वर्षांची वाट म्हणे, आणि तिच्यावर कुणी गात नाही! आमच्या दिंडीत पाय सोलवटले तरी टाळ पुढे ओढून नेतो. इथे जो तो आपापल्या पाठपिशवीखाली मुकाट चालतो. मी 'ज्ञानोबा-तुकाराम' सुरू केलं, पण एकटीच्या आवाजाला दुसरी बाजू येईना, म्हणून थांबले. एका ब्युरोंच्या भिंतीला टेकून बसले आणि रडले.

ब्युरों म्हणजे गुराख्यांची दगडी झोपडी, उन्हाळ्यात तिथे चीज करायचे. याच्या छपराचे चपटे दगड अर्धे खाली आले होते. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला एक बाई खात बसलेली होती, हे मला खोकला ऐकू आल्यावर कळलं. सत्तरीच्या पुढची, अंगावर निळा रेनकोट. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि माझी फ्रेंच पाणी मागण्यापुरती. तिनं माझ्या बुटाकडे बोट केलं. मी मान हलवली. ती समोर मांडी घालून बसली, माझा पाय उचलला आणि सरळ स्वतःच्या मांडीवर ठेवला.

मी पाय मागे ओढला. माझ्या आईच्या वयाची बाई, तिच्या अंगाला माझा पाय कसा लावू? तिला वाटलं, दुखतंय. काहीतरी मऊ बोलली आणि पाय पुन्हा ओढून घेतला. तिनं लायटरच्या ज्योतीवर सुई धरली, फोडातून पांढरा दोरा आरपार ओवला आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवून कापला, म्हणजे पाणी झिरपत राहतं. आमच्या दिंडीतल्या काकू हेच करतात, अगदी असंच, दोराही पांढराच. मी तिच्या पायांना हात लावायला वाकले तर तिनं माझा हात धरून हस्तांदोलन केलं. मग थर्मासमधून ऑब्राकचा चहा दिला. तो चहा नव्हेच, पुदिन्यासारखी इथली रानपाती असते. मी 'माउली' म्हटलं. 'बों कूराज', म्हणजे हिंमत धर, असं म्हणून ती नास्बिनालच्या दिशेनं उतरून गेली. दहा पावलांत दिसेनाशी झाली.

ऑब्राक आलं तेही असंच, अचानक. आधी भिंत, मग मनोरा. समुद्रसपाटीपासून साधारण 1300 मीटरवर मूठभर घरं. फ्लँडर्सहून आलेल्या अदालार नावाच्या उमरावानं सुमारे 1120 साली इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली. तो सांतियागोला जाताना या पठारावर वादळात आणि लुटारूंच्या तावडीत सापडला होता, अशी कथा सांगतात. वाटेवर सोबतीला सरदार असत, पूजेअर्चेला पाद्री, आणि यात्रेकरूंचे पाय धुवायला, कपडे धुवायला, अंथरुणं घालायला घरंदाज बायका. हे रात्री वाचलं तेव्हा टाचेतला दोरा चाचपून पाहिला.

धुक्यात आणि बर्फात इथली घंटा वाजवत राहायचे. तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलं होतं: वाट चुकलेल्यांना परत बोलाव. दुपारी त्या गुरांच्या घंटांमध्ये उभी होते म्हणून ते मला कळलं. आज धर्मशाळा नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत ती बंद पडली. चर्च उरलंय आणि इंग्लंड-फ्रान्समधल्या शतवर्षीय युद्धाच्या काळातला इंग्रजांचा म्हणवणारा मनोरा. चर्च आत अगदी उघडं, गार. मी तिथे हरिपाठ म्हटला, मोठ्यानं. कमानीनं आवाज परत दिला.

जेवायला अलिगो होतं: उकडलेला बटाटा, ताजं चीज आणि लसूण एकत्र घोटून हातभर ताणलेलं. वर न विचारता सॉसेज ठेवलं. मी माळकरी, ताट बदलून मागितलं तर वाढणारा वैतागला, आणि मीही. शेजारच्या जर्मन मुलीनं काही न बोलता आपलं ताट माझ्याकडे सरकवलं. तिच्या ताटात सॉसेज यायचं होतं.

सकाळी लख्ख ऊन. सँ-शेलीपर्यंत आठ किलोमीटर, जवळपास 500 मीटर उतार. बोटं बुटाच्या टोकाला आपटत होती, टाच मात्र दुखत नव्हती. खाली बोराल्द ओढ्यावर जुना पूल आहे, त्यावरच्या दगडी क्रुसाच्या पायाशी काठीवाला छोटा वाटसरू कोरलाय. तिथे बूट काढून पाय पाण्यात सोडले. दोऱ्याची टोकं पाण्यात हलत होती.