बँकेच्या लिलावातला फ्लॅट, तोही आतून न बघता

पेपरात मागच्या पानांवर बारीक अक्षरात ताबा सूचना आणि जाहीर लिलाव छापून येतात बघा, ज्यावर आपण कांदे ठेवतो, त्यातल्याच एका नोटिशीतून आम्ही पुण्यात धायरीतला वन बीएचके घेतला. नोव्हेंबर २०२३ ची गोष्ट. तेव्हापासून ओळखीतले तीन-चार जण विचारून गेले की कसं केलंस, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

त्या नोटिशीतलं मराठी पण भारी असतं. ‘जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे, आणि जे काही आहे तेथे आहे या तत्त्वावर’. मी चार वेळा वाचलं तरी डोक्यात शिरेना. वकिलांनी एका वाक्यात सांगितलं, उद्या आत भिंत नसली तरी बँकेला विचारायचं नाही. सरफेसी कायद्याखाली (बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा कायदा) विक्री असते, बँकेला थकलेलं कर्ज वसूल करायचंय, घर कसंय याच्याशी तिचं देणंघेणं नाही.

आम्ही एकच अट ठेवली होती, प्रत्यक्ष ताबा असेल तरच बोली लावायची. सांकेतिक ताबा म्हणजे दारावर नोटीस चिकटवलेली पण आत माणसं राहतायत, मग कलेक्टरची ऑर्डर, पोलीस बंदोबस्त, तारखा, ते झंझट नको होतं. हा फ्लॅट मात्र बँकेने चौदा महिन्यांपूर्वीच सील केलेला. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली बँक विकत नाही ती, २६ लाख ४० हजार, त्याच बिल्डिंगमधले दुसरे फ्लॅट ३६-३७ ला विकले जात होते.

नोटिशीत बघायची तारीख दिलेली, ११ ते २. मी आणि बायको हाफ डे टाकून गेलो, सव्वा बारापर्यंत जिन्यात उभे, फोन केला तर ऑफिसर म्हणतो चावी एजन्सीवाल्याकडे असते आणि तो आज साताऱ्याला गेलाय, तुम्ही बाहेरून बघून घ्या ना. बाहेरून काय बघू? कुलूप, त्यावर लाखेचं सील आणि दारावर लाल रंगात बँकेचं नाव. किचनच्या खिडकीची काच धुळीने आंधळी झालेली.

परत निघालो होतो, तर बायको म्हणाली खालच्यांना विचारू. मला लाज वाटत होती खरं तर, पण तिने बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, आम्ही कशाला आलोय ते सांगितलं तर त्या थेट आम्हाला त्यांच्या बाथरूममध्येच घेऊन गेल्या. वर बघा म्हणाल्या. छतावर पिवळी वर्तुळं, प्लास्टर फुगून सळई दिसायला लागलेली. मी घाबरलोच. मग विचारलं आत्ता गळतं का, तर म्हणाल्या, नाही रे, वरचं घर बंद झालं तेव्हापासून थेंब नाही, दोन पावसाळे गेले. अख्ख्या व्यवहारात सगळ्यात कामाची माहिती ही होती. पावसात गळत नाही म्हणजे बाहेरच्या भिंतीचा प्रॉब्लेम नाही, वापर बंद आणि गळती बंद म्हणजे बाथरूमचा कोबा आणि पाइप गेलेत. ऑफिसातल्या एका सिव्हिलवाल्याला विचारून दीड लाख त्यासाठी बाजूला धरले आणि आमची वरची मर्यादा साडेएकोणतीसवरून २८ वर आणली.

वकिलांकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (आधीच्या मालकीची तपासणी), डीआरटीत म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात त्या मालकाची केस नाही ना ते, सेरसाईवर म्हणजे तारणांच्या सरकारी नोंदवहीत दुसऱ्या बँकेचा बोजा नाही ना ते, एवढं करून घेतलं. यात पैसे वाचवू नका.

लिलाव ऑनलाइन. दहा टक्के अनामत म्हणजे २ लाख ६४ हजार आधीच भरलेले. बोली २५ हजाराने वाढते आणि शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली लावली की वेळ आणखी पाच मिनिटांनी पुढे, त्यामुळे एक तासाचा लिलाव आमचा लांबत गेला. समोर एकच जण होता. आमच्या २७ लाख ९० हजाराच्या बोलीवर तो थांबला. बायको आनंदाने रडली, मला मात्र पोटात गोळा, कारण पैशांचं घड्याळ आता सुरू होतं. २५ टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी, म्हणजे अनामत वजा जाता ४ लाख ३३ हजार ५००, आणि उरलेले ७५ टक्के विक्री मंजूर झाल्यापासून पंधरा दिवसांत. नाही भरले तर आधीचे जप्त. पंधरा दिवसांत होमलोन कुठलं होतंय, आम्ही लेखी मुदत मागितली, ती जास्तीत जास्त तीन महिने मिळू शकते, आम्हाला पंचेचाळीस दिवस मिळाले. तोंडी ‘हो हो भरा’ वर विसंबू नका, पत्र घ्याच. बाबांची एफडी मोडली, आईच्या पाटल्या गहाण पडल्या, बाकी लोन.

फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला म्हणून स्टॅम्प ड्युटी सातऐवजी सहा टक्के, १ लाख ६७ हजार ४००. बँकेचं सेल सर्टिफिकेट (विक्रीचा दाखला) रजिस्टर झालं आणि चावी मिळाली.

दार उघडलं आणि मागे सरकलो. बँकेच्या पंचनाम्यात ‘१ फ्रिज’ असं लिहिलेलं होतं. वीज तोडलेली, फ्रिज बंद, आत भाजी, दूध, बहुतेक मासे, चौदा महिन्यांहून जास्त. रबर दाराला चिकटून बसलेलं. भंगारवाल्याने उघडायला नकार दिला, दोरीने बांधून तसाच उतरवला, वर आमच्याकडूनच पाचशे घेतले. बेडरूमच्या कपाटाला हात लावला तर लाकूड पापडासारखं मोडलं, वाळवी चौकटीपर्यंत गेलेली. हे कोणाच्याच हिशोबात नव्हतं. नवी चौकट, औषध फवारणी, ४१ हजार.

आणि देवघरात टाक तसेच होते. आई म्हणाली दुसऱ्याच्या कुळाचे देव आहेत, हात लावायचा नाही. बँकेमार्फत निरोप दिला, आठ दिवसांनी आधीच्या मालकांचा भाऊ पितळी डबा घेऊन आला. पाणी दिलं, घेतलं नाही. जाताना बाथरूममध्ये डोकावून म्हणाला, हे तेवढं करायचं राहिलं दादाचं.

सोसायटीने थकबाकी १ लाख ३४ हजार सांगितली. चक्रवाढ लावलेली. उपविधीत म्हणजे सोसायटीच्या नियमांत तेव्हा सरळव्याज, तेही कमाल २१ टक्के होतं, हे दाखवल्यावर आकडा ८६ हजारावर आला, चेअरमन अजून नीट बोलत नाहीत. महावितरणचं कनेक्शन पीडी, म्हणजे कायमचं बंद, झालेलं, जुनं बिल भरल्याशिवाय नवीन मीटर नाही, ते ९ हजार ४००. मिळकतकर वेगळा.

बाथरूमचं निघालं १ लाख ३८. सगळ्या टाइल्स फोडल्या, गंजलेले जीआय पाइप काढून सीपीव्हीसी टाकले, नहाणी ट्रॅप बदलला, कोबा नवीन. मग ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये चार इंच पाणी भरून ठेवलं दोन दिवस. दर सहा तासांनी मी खाली जाऊन काकूंचं छत बघायचो, तिसऱ्यांदा गेलो तर त्यांनी दार उघडून आधी चहाच हातात दिला, म्हणाल्या कोरडं आहे, बस आता.