पाइप विझल्यावर

रात्रीचे पावणेअकरा. आज एकच पाइप ओढला. मध्ये दोनदा विझला, तरी जीव निवला.

व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूच्या पानात साखर मुळातच जास्त, त्यामुळे डबी उघडली की सुकल्या गवताचा गोडसर वास येतो. तंबाखू बोटांनी मोकळी केली. तळाचा थर लहान मुलाने दाबावा इतका हलका, मधला जरा घट्ट, वरचा नीट दाबून. भरायची ही जुनी रीत. काडी गोल फिरवली की वरची पानं फुगून वर येतात आणि विझतात. पहिली काडी जायचीच. हलकेच दाबून दुसरी लावली की निखारा धरतो.

घाई केली तर जीभ पोळते, फार रेंगाळलं तर पाइप विझतो. मधली लय सापडली की श्वासही सावकाश होतो. मला मिळतो तो विसावा बराचसा या लयीतच आहे.

सिगारेट ओढायचो तेव्हा लय वगैरे काही नव्हतं. निकोटीन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोचतं, म्हणून पहिल्या झुरक्यालाच खांदे सैल व्हायचे. साधारण 2 तासांत रक्तातलं निम्मं उतरतं, की पुन्हा चिडचिड, पुन्हा हात खिशात. त्याला मी कितीतरी वर्षं ‘डोकं शांत होणं’ म्हणायचो. खरं तर तलफ सिगारेटनेच लावलेली, आणि भागवायलाही तीच. हे उमगलं तेव्हा फसवलं गेल्यासारखं वाटलं होतं.

पाइपचा धूर मी छातीत घेत नाही, तोंडातच खेळवतो. तरी तोंडाचा, घशाचा कर्करोग यानेही होतो. ते ठाऊक असूनच ओढतो. स्वतःची समजूत घालायची नाही, एवढं ठरवलंय.

आणि तरीही पाइपची ही वाटी तळहातात कोमट होते तेव्हा फार बरं वाटतं. ब्रायर या झुडपाच्या मुळाचं टणक लाकूड, आत काजळीचा जेमतेम 1 मिलिमीटरचा थर. लाकूड जळू नये म्हणून तो राखायचा असतो. पहिल्या महिन्यांत सावकाश ओढून ओढून धरवलाय.

आता राख झाडली. उद्या याला सुट्टी, ओल राहिली की चव कडवट होते. नळीतून लोकरी तार फिरवली. पहिली काळपट आली, दुसरी पिवळसर, तिसरी कोरडी.