तुम्ही विचारलंत म्हणून: श्वासाला नाव द्यायचं की नाही

मी गोराईला विपश्यनेचं, म्हणजे बौद्ध ध्यानाचं, दहा दिवसांचं शिबिर करून आले आणि दर गुरुवारी माहीमच्या दर्ग्यातही जाते, म्हणून लोक हमखास विचारतात, "सूफींचं ईश्वरात विरून जाणं, म्हणजे फना, आणि आपलं निर्वाण शेवटी एकच ना?" मला तसं वाटत नाही. का, ते एकदा नीट सांगते.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर रफूचं काम करणारे एक काका आहेत, रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. कोटाच्या आतल्या दुमडीतून त्याच कापडाचा धागा ओढून काढतात, आधी उभे टाके, मग त्यांतून आडवे विणतात. सुई आत गेली की श्वास आत, बाहेर आली की बाहेर. ओठ सतत हलत असतात. हा त्यांचा जिक्र, ईश्वराचं नामस्मरण. मी विचारलं तर म्हणाले, "बाय, एक पण दम त्याच्या नावाबिगर फुकट जाता नये." नक्शबंदी सूफींकडे श्वासागणिक भान ठेवण्याला शब्दच आहे, 'होश दर दम'.

गोराईला दहा दिवसांतले पहिले साडेतीन दिवस नुसतं आनापान. नाकाखाली श्वास कुठे लागतो, तेवढंच बघायचं. ही विपश्यना शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींची सूचना सक्त असते: श्वासाला कुठलाही शब्द जोडायचा नाही. मंत्र नाही, देवाचं नाव नाही, बुद्धाचंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या मनात 'बुद्धं सरणं गच्छामि' आपोआप सुरू झालं, लहानपणी आईच्या मांडीवर ऐकलेलं. तेही सोडायचं होतं. मला रडू आलं.

वाटा इथेच फुटतात. माहीमला ज्यांचा दर्गा आहे ते मखदूम अली माहिमी १४३१ मध्ये वारले. त्यांनी अरबीत कुराणावर भाष्य लिहिलं आणि सूफी विचारवंत इब्न अरबींचा विचार मानला: खरं अस्तित्व एकच, ईश्वराचं. फना म्हणजे त्याच्यात 'मी' विरून जाणं. पण ईश्वर उरतो. जुन्या काळातले सूफी जुनैद बगदादी यांनी तर फनाच्या पुढे 'बका' सांगितली, त्याच्यासह टिकून राहणं. बुद्धांनी अनत्ता सांगितला. 'मी' शोधायला जावं तर सापडत नाही, आणि त्याच्या मागे दुसरं कुणी उभंही नाही. निब्बान, म्हणजे पालीतलं निर्वाण, याचा अर्थ विझणं. लोभ, द्वेष, मोह यांची आग विझणं.

माझ्या वडिलांना तर 'गूढ' हा शब्दच खपत नाही. आजोबांनी १९५६ साली दीक्षा घेतली ती देव सोडून, डोळे उघडे ठेवून. दोन्ही एकच म्हटलं, तर आजोबांनी सोडलेला देव मी मागच्या दाराने घरात आणला, असं होईल. आणि काका साठ वर्षं ज्याचं नाव घेताहेत, तो नसला तरी चालतं, असं त्यांना सांगितल्यासारखं होईल. दोन्ही मला करायचं नाही. श्वासाकडे इतक्या जिवाभावाने बघणारी ही दोन माणसांची घराणी आहेत, हे मला पुरतं.

मग दर्ग्यात का जाते? काकांचे गुडघे दुखतात, सोबत म्हणून. ते आत जातात, मी बाहेर बसून श्वास बघते. निघताना ते विचारतात, "आज कोणाचं नाव घेतलंस?"

"कोणाचंच नाही, काका."

"बरं," म्हणतात, आणि चपला शोधायला माझ्या खांद्यावर हात टेकतात.