दोघांचं जेवण आणि मूठभर कचरा

परदेशात दोघांपुरतं खास जेवण करायचं ठरलं की एक अडचण हमखास येते: लागतं चमचाभर, मिळतं पाकीटभर. सजावटीला चार पानं हवी असतात आणि घरी येते प्लास्टिकमध्ये बांधलेली अख्खी जुडी. सॉसला दोन चमचे क्रीम पुरतं, पण डबा मोठा. राहिलेलं फ्रिजच्या मागच्या कप्प्यात सरकतं आणि आठवड्याने टाकून द्यावं लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं जवळजवळ ६० टक्के घराघरांतून गेलं. हॉटेलं आणि दुकानं मिळून जेवढं टाकतात, त्याहून जास्त आपल्या ओट्यावरून जातं.

म्हणून अशा जेवणाचा मेनू पदार्थांवरून ठरवू नये, जिन्नसांवरून ठरवावा. कोणता जिन्नस आणला तर तो एका संध्याकाळीत पूर्ण संपेल, किंवा उरला तरी टिकेल, हे आधी बघायचं आणि मग त्याचं काय करायचं ते ठरवायचं. इथे दिलेला बेत त्याच हिशेबाने बसवला आहे: गाजराचं सूप, फ्लॉवरचे भाजलेले जाड काप आणि शेवटी चॉकलेट मूस. फ्लॉवरच्या गड्ड्याचे तीन उपयोग, काबुली चण्यांच्या डब्याचे तीन, गाजराच्या जुडीचे दोन.

इकडे खास जेवण म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर स्टेक, म्हणजे गोमांसाचा जाड भाजलेला काप, येतो. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी २०१८ साली ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची आकडेवारी एकत्र करून दाखवलं की हरितगृह वायूंच्या हिशेबात गोमांस डाळी-कडधान्यांच्या कितीतरी पट जड पडतं. माल किती लांबून आला याचा वाटा त्या मानाने बहुतेक वेळा लहान असतो. विमानाने आलेली नाजूक फळं-भाज्या हा अपवाद. त्यामुळे ऐन थंडीत विमानातून आलेल्या स्ट्रॉबेऱ्या घेण्यापेक्षा साध्या चॉकलेटवर गोड भागवणं केव्हाही चांगलं.

बाजाराची यादी छोटी आहे. पानांसकट फ्लॉवरचा एक गड्डा, ८०० ग्रॅम ते एक किलोचा. पाल्यासकट गाजरांची एक जुडी. मीठ न घातलेल्या काबुली चण्यांचा ४०० ग्रॅमचा एक डबा. एक लिंबू, एक छोटा कांदा, लसणाच्या चार पाकळ्या, ७० टक्के कोकोचं ५० ग्रॅम चॉकलेट, मूठभर सूर्यफुलाच्या बिया, कोथिंबीर किंवा पार्सली, आणि घरातच पडून असलेले शिळ्या ब्रेडचे दोन स्लाइस. फ्लॉवर निवडताना वरचा पांढरेपणा तर बघाच, पण पानंही बघा. ती ताठ आणि हिरवी असतील तर गड्डा ताजा आहे, आणि ती आपल्याला खायचीही आहेत. पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ असेल तर ती तारीख चवीची आणि दर्जाची असते. उलटून गेली तरी वास, रंग बघून बरंच काही खाता येतं. ‘यूज बाय’ मात्र ब्रिटन-युरोपात सुरक्षिततेची तारीख आहे, तिथे कचरा वाचवण्याच्या नादात जोखीम घेऊ नये.

गाजरं घरी आली की पाला लगेच कापून वेगळा करा. तो तसाच राहिला तर गाजरातलं पाणी ओढत राहतो आणि दोन दिवसांत गाजरं लिबलिबीत होतात. पाला ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. बिनपाल्याची गाजरं फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे आरामात टिकतात, म्हणून जुडीतली दोन-तीन उरली तरी चिंता नाही.

मूस आदल्या दिवशी करावं, कारण ते नीट बसायला वेळ लागतो आणि त्या निमित्ताने चण्यांचा डबाही उघडला जातो. चण्यांचं दाटसर पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसतं, हे २०१४ मध्ये फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी जगापुढे आणलं. त्या पाण्यात उतरलेली प्रथिनं आणि सॅपोनिन ही फेस आणणारी द्रव्यं हवा धरून ठेवतात. चणे गाळून ६० मिलिलिटर पाणी घ्या, थंड करा आणि अर्धा चहाचा चमचा लिंबाचा रस घाला. भांडं उंच आणि अरुंद हवं. पसरट भांड्यात एवढंसं पाणी बीटरच्या पात्यांना लागतच नाही आणि मग ‘फेसच येत नाही’ अशी तक्रार होते. दुसरं कारण म्हणजे तेलकटपणा. भांड्याला तुपाचा, लोण्याचा हलका हात जरी लागलेला असेल तरी फेस उभा राहत नाही. भांडं आधी लिंबाच्या फोडीने आतून पुसून घ्या.

इलेक्ट्रिक बीटरने पाच-सहा मिनिटांत फेस पांढरा आणि मऊ होतो. तेव्हा एक टेबलस्पून साखर थोडी थोडी घाला आणि बीटर उचलल्यावर टोक उभं राहीपर्यंत फेटा. तोवर चॉकलेट गरम पाण्यावरच्या वाटीत वितळवून बोटाला जेमतेम कोमट लागेल इतकं निवू द्या. सगळा खेळ इथे आहे. चॉकलेट गरम असेल तर फेस क्षणात बसतो, आणि फार गार झालं तर थंड फेसात पडताच त्याचे खडे होतात. आधी एक तृतीयांश फेस चॉकलेटमध्ये मोकळ्या हाताने मिसळा, मग उरलेला उलथन्याने खालून वर घेत हळूच. या वेळी फेस बराच खाली बसतो. ते व्हायचंच, घाबरून पुन्हा फेटू नका. दोन छोट्या काचेच्या पेल्यांत ओता, झाका आणि फ्रिजमध्ये किमान तीन तास ठेवा. चण्यांचं राहिलेलं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, पुढच्या मूसला होईल. गाळलेले चणे (साधारण २४० ग्रॅम निघतात) झाकणाच्या डब्यात काढा, पत्र्याच्या डब्यात ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी फ्लॉवर. देठाचं फक्त वाळलेलं टोक काढा, बाकी देठ तसाच राहू द्या, कारण काप त्यानेच एकसंध राहतात. बाहेरची पानं सोडवून घ्या. गड्डा उभा धरून मधोमध कापा आणि प्रत्येक अर्ध्याच्या कापलेल्या बाजूने अडीच सेंटिमीटर जाडीचा एक एक काप काढा. एका गड्ड्यातून असे दोनच चांगले काप निघतात, कारण बाजूच्या भागाला देठाचा आधार नसतो. तिसऱ्याचा हट्ट धरला की ताटात तुरे सुटे होतात. अडीचऐवजी दीड सेंटिमीटर केलात तरी तेच. सुटलेले तुरे आणि आतला दांडा वाया जात नाहीत, ते प्युरीसाठी आहेत. काप धुतल्यावर फडक्याने टिपून अर्धा तास उघडे ठेवा. ओल राहिली तर ते भाजण्याऐवजी वाफवले जातात, फिक्के राहतात आणि कोबीचा वास मारतात.

प्युरी आधी करून ठेवावी. तुरे आणि दांडा एक सेंटिमीटरचे तुकडे करून पातेल्यात घ्या, त्यात १२० ग्रॅम चणे, लसणाच्या दोन पाकळ्या, पाव चमचा मीठ आणि फक्त १५० मिलिलिटर पाणी. झाकण ठेवून मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं. पाणी एवढंच ठेवल्याने ओतून द्यायला काही उरत नाही. जास्त दिसलं तर झाकण काढून दोन मिनिटं आटवा. एक टेबलस्पून तेल किंवा लोणी आणि चमचाभर लिंबाचा रस घालून गुळगुळीत वाटा. दांडा कच्चा राहिला असेल तर प्युरी रवाळ होते, म्हणून सुरी टोचून बघा, तुऱ्याला नव्हे, दांड्याला.

मिक्सरचं भांडं धुऊ नका. त्यातच आता सूप होणार आहे. २०० ग्रॅम गाजरं सालीसकट घासून धुऊन चकत्या करा, कांद्याबरोबर एक टेबलस्पून तेलात आठ मिनिटं परता. कांदा गुलाबी व्हायला हवा. ही परतणी घाईने केली की सूप गोडमिट्ट आणि पाणचट लागतं. ४०० मिलिलिटर पाण्यातलं थोडं मिक्सरच्या भांड्यात फिरवून, आत चिकटलेल्या प्युरीसकट पातेल्यात ओता. पंधरा मिनिटं शिजवा, दहा मिनिटं निवू द्या आणि भांडं अर्धंच भरून वाटा. कडकडीत सूप बंद भांड्यात फिरवलं तर वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो. शिळ्या ब्रेडचा हाताने चुरा करा, लसणाची एक पाकळी ठेचून तेलात हलकी तळा, चुरा त्यात कुरकुरीत करून सूपवर घालायला ठेवा. लसणाचं तेल उरलं तर ते ओट्यावर ठेवू नका. तेलात बुडालेल्या लसणात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू वाढू शकतात. सगळं ब्रेडमध्येच मुरवून टाका.

गाजराच्या पाल्याची चटणी बहुतेकांची कडू होते. त्याचं कारण जाड दांडे. फक्त कोवळी, झिपरी पानं खुडून घ्या, साधारण २० ग्रॅम. त्यात माती फार असते, तीन वेळा पाणी बदलून धुवा. पानं आणि लसणाची शेवटची पाकळी उकळत्या पाण्यात ३० सेकंद बुडवून लगेच गार पाण्यात टाका. पानांचा कडवटपणा उतरतो, रंग हिरवागार राहतो आणि लसणाचा उग्रपणा जातो. दोघंच जवळ बसून जेवणार असाल तर हे बघायलाच हवं. तितकीच कोथिंबीर किंवा पार्सली दांड्यांसकट, एक टेबलस्पून भाजलेल्या बिया, तीन टेबलस्पून तेल, मीठ आणि लिंबू घालून भरड वाटा.

आता ओव्हन. परदेशातल्या लहान घरांत स्वयंपाकघर आणि बसायची खोली पुष्कळदा एकच असते आणि डोक्यावर स्मोक अलार्म असतो. तव्यावर धुराडं करून काप लाल करण्यापेक्षा सगळं ओव्हनमध्ये करणं शहाणपणाचं, तेही एकाच ट्रेमध्ये. ओव्हन २०० अंश सेल्सिअसला, पंख्याचा असेल तर १८० ला तापवा आणि ट्रे आतच ठेवून तापू द्या. उरलेले १२० ग्रॅम चणे टिपून, चमचाभर तेल लावून दहा मिनिटं आधी आत टाका. मग चणे एका बाजूला सारून दोन्ही काप ठेवा, दोन्ही अंगांनी तेल आणि मीठ लावून. गरम ट्रेला टेकताच चुरचुर आवाज यायला हवा. १४ मिनिटांनी काप रुंद उलथन्याने, देठाकडून आधार देऊन उलटा आणि पानं तेलाचा हात लावून भोवती पसरा. सहा मिनिटांनी ओव्हन बंद करा, पण दार उघडू नका. आतल्या उष्णतेवर पुढची पाच मिनिटं काम चालू राहतं.

उलटण्याच्या या क्षणीच सूप वाढून टेबलाशी बसावं. सूप संपेपर्यंत काप तयार होतात आणि कुणालाच ओट्याशी उभं राहावं लागत नाही. बेत कितीही सुंदर असो, एकाने सतत उठायचं आणि दुसऱ्याने थंड होणाऱ्या ताटाकडे बघत बसायचं असेल तर संध्याकाळ वाया जाते. प्युरी मिनिटभर गरम करून ताटात पसरा, त्यावर काप, मग चटणी, चणे आणि कुरकुरीत पानं. चटणी गरम करायची नाही, काळपट होते.

टेबलावर फुलांऐवजी उरलेल्या कोथिंबिरीची किंवा पार्सलीची जुडी पाण्याच्या पेल्यात ठेवा. दिसते छान आणि पुढचे काही दिवस स्वयंपाकात वापरता येते. बेसिल असेल तर ते फ्रिजमध्ये नको, थंडीने काळं पडतं. मेणबत्ती एकच जाड घ्या, ॲल्युमिनियमच्या वाटीतल्या छोट्या सात-आठ नकोत, आणि बिनवासाची घ्या, नाहीतर जेवणाचा वास झाकला जातो. वात अर्धा सेंटिमीटर ठेवली तर काजळी कमी येते. नॅपकिन कापडी.

प्युरी उरली तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा; दुसऱ्या दिवशी थोडं पाणी घालून सूप होतं किंवा टोस्टवर लावता येते. कांद्याची सालं आणि गाजराच्या देठांकडची टोकं फ्रीझरमधल्या डब्यात साठवा, डबा भरला की अर्धा तास उकळून भाजीचा स्टॉक काढा. त्यात फ्लॉवरचे तुकडे मात्र टाकू नका, जास्त उकळले की उग्र वास सोडतात. लिंबाची साल पिळण्याआधीच किसून गोठवा. मेणाचा थर असतो म्हणून आधी गरम पाण्याने घासून घ्या. ओल्या कचऱ्यात उरतात ते पाल्याचे जाड दांडे, फ्लॉवरच्या देठाचं टोक, लसणाची टरफलं आणि लिंबाचा चोथा.